ढब्बीची सातवी पिढी

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
१० सप्टेंबर २००६

चि. उल्हास,

दादाचा आशीर्वाद घे. नको असेल तर बाजूला ठेव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

आधी तब्येती. तुझा डावा गुडघा काय म्हणतो? उकिडवा बसून कुत्र्यांच्या गोचिड्या काढतोस अजून, की स्टूल घेतलंस? शरयूचं ब्लडप्रेशर खाली आलं का? तिला म्हणावं, लोणच्याची बरणी फळीवर वर ठेव आणि शिडी विकून टाक. सुमित्राआक्काचा मोतीबिंदू काढला असं कळलं. आता तिला दिसतंय ना नीट, की अजून टीव्हीलाच नाक लावून बसते? विनयची कंबर कशी आहे? आणि पाकोळी? तिला माणसांच्या रांगेत बसवलं म्हणून हसू नकोस. आपल्या घरात जावयाच्या आधी कुत्र्याची विचारपूस व्हायची.

माझं ठीक आहे. साखर आहे, पण गोड बोलण्यापुरती. सिद्धेश साडेसातला गाडी काढतो, त्याच्या मागोमाग नेत्रा, मग इशिताची शाळेची बस. दिवसभर घरात मी आणि बाळू. बाळू म्हणजे इशिताने आणलेला ग्रेहाउंड. ती त्याला बिस्किट म्हणते, मी बाळू म्हणतो, आणि तो दोघांकडेही बघत नाही.

उल्हास, हे जनावर तू बघायला हवं होतंस. फ्लोरिडात शर्यतीत धावायचा. चार वर्षांचा झाला, वेग उतरला, तसा एका संस्थेने आणून दत्तक दिला. अंगावर वाघासारखे पट्टे, छाती खोल, पोट पाठीला लागलेलं, मान अशी की आप्पांनी नुसतं बघून पान लावायला घेतलं असतं. उजव्या कानात गोंदलंय: ८१सी. आठवा महिना, दोन हजार एक साल, त्या वेतातलं तिसरं पिल्लू. डाव्या कानात वेताचा नंबर. आपल्याकडे वंशावळ आप्पांच्या तोंडात होती, इथे कुत्रं कानात घेऊन फिरतं. आणि एवढी ऐट असून दिवसाचे अठरा तास सोफ्यावर पाय वर करून झोपतो. इशिता म्हणते, "आजोबा, ही इज लाइक यू." सूनबाई हसली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

आता मुद्दा. मागल्या रविवारी विनयने सिद्धेशला फोनवर सांगितलं की तू पाकोळीला या खेपेला नराकडे नेणार नाहीस. ती सहा वर्षांची, मागच्या वेळी गाभ राहिला नाही, म्हणजे ही शेवटची संधी. शुद्ध कारवानी कुत्र्यांची नोंद करणारी मंडळी गावात आली होती, त्यांना तू दारातूनच म्हणालास, "आमच्या कुत्र्यांत बुलडॉग आहे, वही मिटा." आणि घरात म्हणालास, बाटलेलं रक्त पुढे न्यायचं कशाला.

हे शब्द तुझे नाहीत. अडुसष्ट साली मी बोललो होतो ते.

म्हणून तुला इथली एक गोष्ट सांगायची आहे. कुत्र्यांच्या मैदानावर माझी एकाशी ओळख झाली. होलिस नाव. ऐंशीच्या घरातला, कॅन्सासचा, आता लेकीकडे राहतो. माझ्यासारखाच, घरात अडगळ आणि मैदानावर पाटील. त्याने तरुणपणी कायोटी धरणारी कुत्री पाळली होती. कायोटी म्हणजे कोल्ह्याहून थोर, लांडग्याहून धाकटा. बाळूकडे बघून मी त्याला म्हटलं, "जनावर झकास आहे, पण हे पट्टे म्हणजे रक्तात काहीतरी भेसळ असणार."

तो इतका हसला की खोकला लागला. म्हणाला, "मिस्टर शशी, भेसळ नाही, भांडवल म्हणा! हे पट्टे बुलडॉगचे, असं माझा बाप सांगायचा."

मग त्याने सांगितलं ते ऐक. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एक उमराव होता, ग्रेहाउंडांचा वेडा. त्याला वाटलं, माझ्या कुत्र्यांना वेग आहे, पण छातीत दम नाही. ऐन वेळी कच खातात. त्याने काय करावं? सरळ बुलडॉग घातला. लोक हसले. पहिलं वेत म्हणजे उंटाच्या मानेवर म्हशीचं तोंड. पण तो हटला नाही. त्या पिल्लांना परत ग्रेहाउंड, त्यांच्या पिल्लांना परत ग्रेहाउंड, अशा सहा-सात पिढ्या. शेवटी रूप सगळं ग्रेहाउंडचं, शेपूट उंदरासारखी बारीक, कातडी मऊ, वेग तोच. बुलडॉगचं एकच राहिलं: पडेल पण थांबणार नाही. सुंभ जळाला, पीळ राहिला.

मला विश्वास बसेना. इथल्या लायब्ररीत जाऊन बसलो. डिक्शनरी मांडीवर, पेन्सिल कानावर. बाईंनी तीन पुस्तकं काढून दिली. तिन्हीत ती गोष्ट आहे. एकात असंही आहे की जाणकारांत वाद आहेत, पट्टे बुलडॉगच्याही आधीचे असतील. ते असो. पण तू आप्पांच्या हरणीला घेऊन मिरजेच्या बुलडॉगकडे गेलास तेव्हा ही पुस्तकं कुठे वाचली होतीस? सातवी नापास तू. तुला हे कुणी शिकवलं?

पाकोळीला नराकडे ने. उत्तर लवकर टाक.

तुझा,
दादा


कॅरी
४ ऑक्टोबर २००६

चि. उल्हास,

उत्तर नाही. पण विनयचा फोन आला, तेव्हा पत्र पोचल्याचं कळलं. म्हणाला, "मोठे काका, बाबांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, दादाला साहेबानं सांगितल्यावर पटलं होय! घरातलं अडतीस वर्षं पटलं नाही."

बरोबर बोललास. पिकतं तिथे विकत नाही. लागलं, पण बरं वाटलं. निदान तू माझं नाव तोंडाने घेतलंस.

लायब्ररीत रोज जातोय. तिथल्या बाई आता मला बघितलं की न विचारता कुत्र्यांचं कपाट दाखवतात. लर्चर नावाचा प्रकार वाचला. गरिबाचा ग्रेहाउंड. चोरून ससे धरणाऱ्यांनी आणि भटक्यांनी पैदा केलेला. अर्धा ग्रेहाउंड, अर्धं धनगरी कुत्रं, म्हणजे पायाबरोबर डोकंही. आणि जिथे मोठं जनावर धरायचं, तिथे ते त्यात बुलडॉगचं किंवा बुलटेरियरचं रक्त घालत. ते लोक इकडे आले, माळरानावर लांडगे आणि कायोटी बघितले, आणि पुन्हा तोच उपाय. होलिसचा बाप दर चार-पाच पिढ्यांनी एकदा बुलडॉगचा हात फिरवायचा. "मिठासारखं," होलिस म्हणाला. "जास्त झालं की घास थुंकावा लागतो, आणि नाही घातलं तर जेवलास कशाला?"

मी त्याला तुझी गोष्ट सांगितली. लांडगा आपली बकरी न्यायचा. आप्पांची कुत्री त्याला गाठायची, बरोबरीने धावायची, आणि तो वळून दात दाखवायला लागला की मान फिरवून परत यायची. आप्पा म्हणायचे, "कारवानी धावायला आहे, कुस्तीला नाही." आणि तू, तेवीस वर्षांचं पोरगं, म्हणालास, "मग कुस्ती शिकवू." हरणी माजावर आली तशी तुझ्या दोस्ताला, विवेकला, बरोबर घेऊन, घरात न सांगता, मिरजेच्या त्या म्हाताऱ्या साहेबाच्या बुलडॉगकडे गेलास. दोन दिवस बैलगाडी. होलिसने टोपी काढली. खरंच काढली, टक्कल दिसलं. म्हणाला, "तुझ्या भावाला माझा सलाम सांग." तो इथे पोचवतो.

मी जुनी मापं घेऊन हिशेब केला. हरणीची लेक ढब्बी, तिच्यात शेराला अच्छेर, म्हणजे निम्मा बुलडॉग. तिच्या लेकीत पावशेर. मग अदपाव. चौथ्या पिढीला, म्हणजे तुझ्या बाणमध्ये, छटाक. पाकोळी सातवी. तिच्यात चिमूटभर. त्या उमरावाने नोकरचाकर ठेवून केलं ते तू एका गोठ्यात केलंस, भाकरीच्या तुकड्यावर. ढब्बी हे नाव मी चिडवायला ठेवलं होतं, रुंद जबड्यावरून. तू तेच नाव लाडाने घेत राहिलास.

आणखी एक, मी कधी सांगितलं नाही. आप्पांच्या हुकमावरून त्या वेतातली पाच पिल्लं मी पोत्यात घालून नेली, तू तेवढी ढब्बी लपवलीस. सगळ्यांना वाटलं मी ती कुठेतरी मरायला सोडली. मी ती धनगराच्या वाड्यावर देऊन आलो होतो. दोन वर्षांनी तो धनगर मला बाजारात भेटला. म्हणाला, "पावणं, त्यातल्या एकीनं लांडगा धरला आणि माणसं येईस्तवर सोडला नाही. आणखी हायत का तसली?" मी नाही म्हटलं आणि चालू लागलो. घरी येऊन तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

हे झालं रक्ताचं. पण विनय म्हणाला, अडचण रक्ताची नाहीच. "नर कुठाय, काका? जवळपासची सगळी कुत्री पाकोळीची भावकी. बाकीची शहरातून आणलेली, पायात दम नाही. एकच नर चांगला आहे, पण तो विवेककाकांच्या दारात. बाबा मेले तरी तिकडं जायचे नाहीत."

मी फोन सिद्धेशच्या हातात दिला.

जाऊ दे ना उल्हास, जुनं झालं. सांगलीच्या त्या कुत्र्यांच्या प्रदर्शनाला बावीस वर्षं झाली. ते निनावी पत्र कुणी लिहिलं, कुणाला माहीत. विवेक तुझा गाडीतला सोबती. जा, दार वाजव. दिवाळीच्या आसपास पाकोळी माजावर येईल, दिवस थोडे आहेत. दोन ओळी लिही.

दादा


कॅरी
२४ ऑक्टोबर २००६

उल्हास,

आज तब्येती विचारत नाही. हे पत्र पोस्टाने पाठवलं तर बारा दिवस लागतील आणि पाकोळीचे दिवस निघून जातील. विनयने काल सांगितलं, ती माजावर आली, तिसरा दिवस आहे. म्हणजे आठवडाभर हातात. सिद्धेश म्हणतो, कागदाचा फोटो कॉम्प्युटरवरून विनयला पाठवता येतो, तो जतच्या सायबर कॅफेत छापून आणेल. याचा अर्थ माझा मुलगा हे वाचणार आणि तुझा मुलगाही. वाचू देत.

तू विनयला म्हणालास, "ज्यानं निनावी पत्र लिहिलं त्याच्या दारात मी जाणार नाही. दादाला विचार, दादा गेला असता का?"

मी गेलो नसतो. पण ते पत्र विवेकने लिहिलेलं नाही. मी लिहिलं.

चौऱ्याऐंशी साल. आप्पा अंथरुणाला लागले होते, मी कोयनेच्या ऑफिसातून रजा काढून आलो होतो. तू बाणला खाटेपाशी आणलंस. आप्पांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, खांद्यापासून शेपटीपर्यंत, आणि म्हणाले, "उल्हासनं कुत्रं केलं." बस, तेवढंच. मी पायाशी बसलो होतो. जन्मभर त्यांचं ऐकलं ते मी. पोतं उचललं ते मी. घरच्यांच्या नजरेत कसाई झालो तो मी. आणि शाबासकी त्याला, ज्याने ऐकलं नाही. मत्सर म्हणतात तो हाच, दुसरं काही नाव देत नाही.

परत कामावर गेलो. पंधरा दिवसांनी सांगलीचं प्रदर्शन होतं. ऑफिसच्या टाइपरायटरवर, जेवणाच्या सुट्टीत, चार ओळी टाइप केल्या: अमुक कुत्र्याच्या पणजीचा बाप बुलडॉग आहे, चौकशी करावी. खाली नाव नाही. तू बाणला रिंगणातून बाहेर आणलंस तेव्हा शेकडो माणसं बघत होती, असं आक्काने मला लिहिलं. तेही लिहिलं की तू विवेकशी बोलणं टाकलंस, कारण मिरजेची गोष्ट घराबाहेर त्यालाच ठाऊक होती. आणि माझ्याबद्दल तू म्हणालास, "दादा असं करणार नाही. तो बोलेल ते तोंडावर."

ते वाक्य मी बावीस वर्षं वागवतोय. सुरुवातीला वाटलं, पुढच्या रजेत सांगू. मग वाटलं, आता सांगून काय. मग अमेरिकेला आलो आणि वाटलं, सुटलो. बुलडॉगची सगळी पुस्तकं तुला वाचून दाखवली, कारण ती वाचून दाखवणं सोपं होतं. तुझ्या रक्तात खोट नाही हे मी मोठ्या आवाजात सांगत होतो. खोट कुठे होती ते सांगायचं राहिलं.

आत्ता सिद्धेश कागद न्यायला आला. त्याने पहिलं पान वाचलं, तिथेच उभा राहून. म्हणाला, "बाबा, हे तुम्ही केलंत? विवेककाका माझ्या मुंजीला आले होते, बाहेर मांडवात एकटे बसले होते. मी त्यांना आत बोलवायला निघालो तर तुम्ही अडवलंत मला." मी म्हटलं, हो. त्याने पान परत टेबलावर ठेवलं. नेत्राने चहा आणून ठेवला. तो चहा इथेच आहे, थंड.

विवेकलाही वेगळं पत्र लिहिलंय, तेही याच्याबरोबर छापून येईल. ते तू नेऊन दे. किंवा विनयला पाठव. पण पाकोळीला बरोबर घेऊन जा. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ, तो म्हातारा होईपर्यंत मी इथेच आहे. तिचे दिवस मात्र थांबत नाहीत.

शशिकांत


कॅरी
२८ जानेवारी २००७

चि. उल्हास,

गुडघा, शरयू, आक्का, विनय, सगळ्यांचं क्षेमकुशल विनयकडून कळतं. आक्काने बातमी ऐकून माझ्या नावाने दोन दिवस बोटं मोडली, हेही कळलं. तिचा हक्क आहे. चष्मा बदलला ना तिने?

सहा पिल्लं! चार माद्या, दोन नर. विनयने फोटो पाठवले, सिद्धेशने मोठे करून दाखवले. पाकोळी आडवी पडली आहे आणि सहा जण रांगेने लागले आहेत, रेशनच्या दुकानासारखे. एका फोटोत कोपऱ्यात धोतरातले दोन पाय आहेत आणि शेजारी पायजम्यातले दोन. धोतर तू कधी नेसत नाहीस. मी इशिताला विचारलं, हे पाय कुणाचे असतील सांग. ती म्हणाली, "आय डोन्ट नो, सम ओल्ड गाय." बरोबर आहे, तिला कसं कळणार. मी मात्र तो फोटो सिद्धेशला दोनदा काढायला लावला.

होलिसला दाखवले. त्याने भिंग लावून एकेक जबडा बघितला. म्हणाला, "बुलडॉग कुठेच दिसत नाही." मी म्हटलं, दिसायला नकोच. तो म्हणाला, "तुझ्या भावाने चाळीस वर्षं वाट बघितली. मी चार वर्षांत कंटाळायचो." मग बराच वेळ आम्ही दोघं बाळूला पळताना बघत बसलो. तो पळतो तेव्हा चारही पाय एकदम हवेत असतात. तेवढा एक क्षण तो कुणाचाच नसतो.

आणि तुझं पाकीट आलं. मी धावत गेलो, पंचाहत्तरीला धावतात तसा. उघडलं तर आत चिठ्ठी नाही. दोनदा झटकलं. फक्त नोंदणीवाल्यांचा फॉर्म. विनयने नंतर समजावलं: ती मंडळी परत आली, तू म्हणालास, "लिहायचं तर सगळं लिहा, बुलडॉगसकट, नाहीतर लिहू नका." त्यांना पटलं, त्यांनी वेगळी वही काढली, आणि अडुसष्ट सालची हकीकत ठाऊक असलेल्या दोन माणसांच्या सह्या मागितल्या.

पहिल्या रेघेवर विवेकची सही आहे. अजून तसाच लिहितो, 'व'चं पोट केवढं मोठं. दुसरी रेघ रिकामी.

फॉर्मवर जागा लहान होती, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. हरणी, मिरजेचा बुलडॉग, सहा पिल्लं, त्यातली पाच मी नेली, एक माझ्या भावाने राखली. तिच्यापासून आजपर्यंत प्रत्येक मादीचं नाव, मला आठवलं तेवढं. पुढे हेही लिहिलं की बाण सांगलीच्या रिंगणातून बाहेर काढला गेला तो ज्या पत्रावरून, ते पत्र मी लिहिलं होतं. कुत्र्याच्या नोंदीत हे कशाला, असं ते म्हणतील. खोडायचं असेल तर त्यांना खोडू दे. खाली पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि सही केली.

फॉर्म सोबत जोडला आहे. पिल्लांची नावं ठेवलीस की कळव. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही चालतील, फक्त विनयकडून निरोप नको. तुझ्या हाताने, तुझ्या त्या वाकड्या अक्षरात एक ओळ. पोस्टाला बारा दिवस लागतात आणि मी आता फार लांबचे हिशेब करत नाही. लवकर लिही.

तुझा,
दादा